पंचवीस मिनिटांचं इंधन

शाहूपुरी, कोल्हापूर
२४ ऑगस्ट २००३

चि. जिनेशला,

तुला आशीर्वाद लिहायचं मनात नव्हतं. शेवटी लिहितो, कारण तू माझ्या आक्काचा मुलगा आहेस. हा आशीर्वाद तिच्या वाट्याचा समज.

फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस. म्हणून कागद. कागदावर 'हं' म्हणून सुटता येत नाही.

तुझी आई जाऊन आज अठरा दिवस झाले. सहा ऑगस्टला, बुधवारी, तुझं विमान तीन वाजून दहा मिनिटांनी उजळाईवाडीला उतरायचं होतं. मुंबईपासून तू चालवणार, इथे उतरणार, पुढे बेळगावला दुसरा कॅप्टन नेणार आणि सव्वाचारला तू कोडोलीत आईच्या उशाशी. ही सगळी योजना तुझीच. मी गाडी पाठवली. आमचा ड्रायव्हर बाळासो विमानतळाच्या फाटकाशी उभा होता. त्यानं तुझ्या विमानाचा आवाज डोक्यावर ऐकला. आवाज आला, फिरला आणि गेला.

आक्का पाच वाजून वीस मिनिटांनी गेली. तू रात्री अकराला पुण्याहून टॅक्सी करून आलास.

त्या दिवशी सकाळी हजार माणसांसमोर तिनं व्रतातलं शेवटचं, पाणीही सोडलं होतं. मी बोललो. ज्यांनी मला समाजाच्या व्यासपीठावर चाळीस वर्षं ऐकलंय तेही म्हणाले, अण्णाप्पा, असं कधी बोलला नव्हतास. आणि ज्याच्या आईची ती सभा, तो मुलगा आभाळातून परत गेला! का, तर म्हणे पाऊस. अरे, ऑगस्टात कोल्हापुरात पाऊस नसतो तर काय असतं? त्याच पावसात एसटी आंबा घाट चढते. त्याच पावसात शेतातली बाई वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन घरी पोचते. तुमच्या कोटींच्या यंत्राला तेवढं जमू नये?

माझा पहिला संशय तुझ्या कंपनीवर आहे. या खासगी कंपन्या इंधन मोजून मोजून देतात, असं मी वाचलंय. तेलाच्या चार थेंबांसाठी माझ्या बहिणीचा मुलगा दारातून परतला काय? तसं असेल तर लिही. मी कुणाला घाबरत नाही. कंपनीला आणि पेपरला धाडायच्या पत्राचा मसुदा तयार आहे. पंधरा दिवस वाट बघेन.

तुझा मामा,
अण्णाप्पा


अंधेरी, मुंबई
३१ ऑगस्ट २००३

ती. मामांना जय जिनेंद्र,

पत्र पोचलं. तुमचा राग मला मान्य आहे. माझ्याकडे देण्यासारखी फक्त माहिती आहे.

उजळाईवाडीला उतरताना यंत्राचा आधार मिळत नाही. ठरावीक उंचीपर्यंत खाली यायचं, तिथून धावपट्टी डोळ्यांनी दिसली तर उतरायचं, नाही तर पुन्हा वर. एसटीला रस्ता दिसला नाही तर ती कडेला उभी राहते. आम्हाला कड नसते. आम्ही तीन आठला वर पोचलो. दहा मिनिटं घिरट्या घातल्या, मग एकदा खाली आलो. काही दिसलं नाही. बेळगावही ढगाखाली होतं, म्हणून पुण्याला जायचं आम्ही ठरवलं. विमानात चाळीस माणसं होती.

कंपनीनं इंधन कमी दिलं नव्हतं. नियमानं लागतं तेवढं सगळं होतं. हे मी शपथेवर सांगतो.

कंपनीला पत्र लिहू नका. त्याचा काही उपयोग होणार नाही.

रुचिता नमस्कार सांगते. मामी कशा आहेत?

तुमचा,
जिनेश


शाहूपुरी
६ सप्टेंबर २००३

चि. जिनेश,

मामी बऱ्या आहेत. आता मुद्द्याचं.

तुझ्या पत्रातली तीन वाक्यं मी तांबड्या पेन्सिलीनं अधोरेखित केली आहेत.

'नियमानं लागतं तेवढं.' नियमानं! म्हणजे नियमापेक्षा जास्त घेता येतं की नाही? यावर तू मौन पाळलंस.

'आम्ही ठरवलं.' हे 'आम्ही' कोण? विमानाचा कॅप्टन एक असतो. मी संशय घेतला की माणूस लगेच 'मी'चा 'आम्ही' करतो. सभेत ठराव फसला की आमचे पुढारी असंच करतात.

आणि 'उपयोग होणार नाही'. ज्या पत्राचा उपयोग नसतो ते पत्र थांबवायला कोण कशाला धडपडेल? त्या पत्राची तुला भीती वाटते.

आता माझा दुसरा संशय लिहितो. जूनमध्ये डॉक्टरांनी हात टेकले. आक्कानं मुनी महाराजांच्या परवानगीनं सल्लेखना घेतली. आधी अन्न सोडलं, मग दूध, मग ताक, आणि उरलं ते कोमट पाणी. किती शांत होती ती! आणि तू माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ओरडलास, "मामा, तुम्ही माझ्या आईला उपाशी मारताय." आठवतं? पंपाचे पट्टे घ्यायला आलेला माणूस सुटे पैसे न घेता निघून गेला.

ज्याला ते मरण मान्यच नव्हतं, त्याला ते बघायचंही नव्हतं. ढग बरे सापडले! आईच्या डोळ्याला डोळा द्यायचा नव्हता म्हणून तू विमान वळवलंस, असं मी म्हणतो. खोटं असेल तर खोडून काढ. पुराव्यानं.

अण्णाप्पा


अंधेरी
१५ सप्टेंबर २००३

ती. मामा,

दुकानात ओरडलो ती चूक होती. त्याच रात्री मी आईची माफी मागितली. ती म्हणाली, "तुझं भांडण तुझ्या मनातल्या दुखाशी हाय. तम्माशी न्हाय." तुमच्या सीमेकडच्या घरातला हा कानडी शब्द, धाकट्या भावाला म्हणायचा, ती शेवटपर्यंत विसरली नाही. जुलैपासून मी तिच्या व्रताविरुद्ध एक शब्द बोललेलो नाही. मला फक्त तिच्याजवळ बसायचं होतं.

'आम्ही' कोण ते सांगतो. माझी कोपायलट शांभवी, वय सव्वीस. निघण्यापूर्वी मी तिला म्हणालो, "आज कोल्हापूरला एकच प्रयत्न. तो फसला आणि मी 'पुन्हा एकदा' म्हणालो, तर तू नाही म्हणायचं."

ती हसली. "सर, तुम्हाला मी नाही म्हणू?"

"ओरडून म्हण."

आमच्या धंद्यात अवघड निर्णय जमिनीवर घेऊन ठेवतात, मामा. वर गेल्यावर माणूस आशेनं आंधळा होतो. पन्हाळ्याच्या अंगानं ढग उतरत होते. आम्ही खाली आलो, करड्याशिवाय काही दिसलं नाही, आणि मी वर घेतलं. वर घेता घेता माझ्या तोंडून गेलं, "पुन्हा एकदा बघू." तिनं ओरडून नाही, अगदी हळू सांगितलं, "सर, पुणे."

मी पुण्याकडे वळलो. ढगात तोंड लपवायचं असतं, तर 'पुन्हा एकदा' कोण म्हणेल?

इंधनाचं विचारलंत. मुक्कामी पोचण्यापुरतं असतं. तिथलं दार बंद असेल तर दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं असतं. त्याखाली अर्ध्या तासाचं असतं. त्याला हात लावायचा नाही. आग लागली तरच ती विहीर. दुसऱ्यांदा प्रयत्न केला असता तर त्या अर्ध्या तासात हात गेला असता.

पत्राची भीती मात्र खरी आहे. आमच्यात नियम आहे: मन ठिकाणावर नसेल तर विमान चालवायचं नाही, तसं आधी कळवायचं. आई मरणाच्या दारात आहे, हे मी कंपनीला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी मला घरी बसवलं असतं. रजा मिळाली असती, पण दोन दिवसांनी. उड्डाण त्याच दिवशी होतं. तुमचं पत्र गेलं तर हे बाहेर येईल, आणि माझ्या खांद्यावरच्या पट्ट्या उतरतील. आता तुम्हाला कळलं. वाटलं तर पाठवा.

जिनेश


शाहूपुरी
२२ सप्टेंबर २००३

चि. जिनेश,

त्या पोरीचं कौतुक वाटलं. आमच्या समाजाच्या कार्यकारिणीत अशी एक हवी होती.

पण वकील साक्षीदार बदलतो तसं तू करतोस. एक गोष्ट कबूल करून दुसरी झाकतोस. मी दोन साक्षी काढल्या आहेत.

पहिला पिराजी. गुळाचा व्यापारी, आमच्या गल्लीतला. तुझ्याच विमानात होता. त्याचे शब्द जसेच्या तसे:

"शेठ, त्यो तुमचा भाचा हुता व्हय? आवो, वर गरागरा फिरिवलं की आमास्नी! एकदा खाली आणलं, खिडकीत निस्तं दूध. शेजारच्या बाईनं जोतिबाला नारळ कबूल केला. आन् परत वर! मी म्हटलं, आरं बाबा, गूळ घिऊन गेलतो, माझी काकवी करून आणतोस काय?"

दुसरा आपला बाळासो. तो म्हणतो, "विमान गेलं, मी चा सांगितला. चा संपायच्या आत लख्ख ऊन पडलं की मालक. राजारामपुरीपातूर दिसत हुतं." त्यानं घड्याळ बघितलं होतं, कारण मी त्याला बघायला सांगितलं होतं. तीन बेचाळीस.

तू म्हणतोस, दहा मिनिटं घिरट्या आणि एक प्रयत्न. म्हणजे तीन वीसच्या पुढेमागे तू गेलास. वीस मिनिटं, जिनेश! वीस मिनिटं वर थांबला असतास तर उन्हात उतरला असतास. पावणेपाचला कोडोलीत असतास. ती शुद्धीवर होती. दाराकडे बघत होती.

थांबण्यापुरतं इंधन का नव्हतं? आषाढ-श्रावणात कोल्हापूरला निघालेला माणूस जास्तीचं घेत नाही? नियम सांगू नकोस. पहिल्या पत्रापासून तू याच दारावर पाठ टेकून उभा आहेस. बाजूला हो.

अण्णाप्पा


अंधेरी
२ ऑक्टोबर २००३

मामा,

होतो बाजूला.

नियमाच्या वर किती घ्यायचं, ही कॅप्टनची मर्जी असते. पावसाळ्यात कोल्हापूरला जाताना मी नेहमी अडीचशे किलो जास्त घेतो. आमच्या विमानाला ते पंचवीस मिनिटं पुरतं. मागच्या वर्षभरात या मार्गावर एकदाही चुकलो नाही.

त्या दिवशीही मी तोंड उघडलं होतं. जमिनीवर वजनाचा हिशोब बघणारा शशिधर म्हणाला, "कॅप्टन, विमान भरलंय. तिथली धावपट्टी आखूड आणि ओली. अडीचशे किलो टाकायचं तर तिघांना उतरवावं लागेल. हवेचा अंदाज तर बरा दिसतोय. बोला, उतरवू?"

एरवी मी क्षण न घालवता 'उतरव' म्हणतो. दोनदा म्हटलंय. लोकांनी शिव्या दिल्या, त्या खाल्ल्या. त्या दिवशी म्हटलं नाही. मनात आलं, हे इंधन मी पावसासाठी मागतोय की आईसाठी? तीन परक्या माणसांना मी माझ्या घरच्या कामासाठी खाली उतरवणार का?

वारणानगरच्या शाळेत वक्तृत्वाची स्पर्धा होती, मी नववीत होतो. भाषण तुम्ही बसवून घेतलं होतं. त्यातलं वाक्य आजही पाठ आहे: 'जो निर्णय आपल्या सोयीचा असतो, त्याच्यावर पहिला संशय आपणच घ्यावा.' पहिलं बक्षीस मिळालं होतं.

मी स्वतःवर संशय घेतला. शशिधरला म्हणालो, "राहू दे. आहे तेवढं बास." आणि सही केली.

कागदावर माझी चूक शून्य आहे. कुठलीही चौकशी मला निर्दोष ठरवील. पण दुसऱ्या कुठल्याही बुधवारी, दुसऱ्या कुणाचीही आई कोडोलीत असती, तर मी ते इंधन घेतलं असतं. माझी होती म्हणून घेतलं नाही. पुण्याला उतरलो तेव्हा वायरलेसवर कळलं की कोल्हापूर खुलं झालंय. शांभवी म्हणाली, "सर, आपण बरोबर केलं." मी हो म्हणालो. मी वर बरोबर केलं. खाली चुकलो.

तुम्ही विचारत होतात ती झाकलेली गोष्ट हीच. आता पत्र पाठवायचं तर पाठवा.

जिनेश


कोडोली
२८ ऑक्टोबर २००३

ती. मामांना जय जिनेंद्र,

चार आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. कंपनीतही काही पोचलेलं नाही. दिवाळीला तुम्ही कोडोलीला याल असं वाटलं होतं. महावीरांच्या निर्वाण लाडवाच्या पूजेवेळी बस्तीत, भगवंतासमोर, तुमची जागा रिकामी होती. लोक विचारत होते.

रुचिता आणि मी घर उघडलं. आईच्या खोलीत तिचं तांब्याचं फुलपात्र तसंच पालथं होतं. शालूबाई भेटायला आल्या. शेवटचे दोन महिने त्यांनीच तिचं सगळं केलं. मी त्यांना इंधनाची गोष्ट सांगितली, जशी तुम्हाला लिहिली तशी. माझ्यामुळे उशीर झाला, असं म्हणालो.

त्या पदरानं डोळे पुसत होत्या, त्या थांबल्या. "तुझ्यामुळं?" म्हणाल्या. "आरं, तुझी आई थांबणार हुती की. तिनं सांगितलंतं. मामाला इचार तुझ्या." मी पुष्कळ खोदलं. "माज्या तोंडानं न्हाय," म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

मामा, सहा ऑगस्टच्या सकाळी, मांडवात नेण्यापूर्वी, आई तुम्हाला काय म्हणाली?

तुम्ही मला विचारलंत तसं मी विचारत नाही. माझ्याजवळ कुठलाही मसुदा तयार नाही.

जिनेश


शाहूपुरी
१० नोव्हेंबर २००३

चि. जिनेश,

तुझं इंधनाचं पत्र आलं त्या दिवसापासून मी दुकानात नीट बसलेलो नाही. वीस मिनिटं, वीस मिनिटं म्हणून मी तुझ्या मागे लागलो, आणि तू ती माझ्या हातात आणून ठेवलीस. मला ती नको होती. तू खोटारडा निघायला हवा होतास. कंपनी तरी लुच्ची निघायला हवी होती.

दिवाळीनंतरच्या पत्राला रोज एक उत्तर लिहिलं. सगळी उत्तरं चांगली होती. व्यासपीठावर टाळ्या पडल्या असत्या. फाडली.

सोबत कंपनीला लिहिलेला मसुदा पाठवतो. दुसरी प्रत नाही. जाळ, नाही तर ठेव. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी खाली लिहितोय तेच लिहिलं आहे, माझ्या सहीनं. येत्या रविवारी बस्तीत उभा राहून ते वाचणार आहे. महाराजांना कळवलं आहे. तू यायची गरज नाही.

त्या दिवशी पाणी सोडायचं असं पंचांगात लिहिलेलं नव्हतं. महाराजांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, "घाई कसलीच नाही. तिचं मन म्हणेल तेव्हा." बुधवार मी ठरवला. पत्रिका मी छापल्या. निपाणीपासून माणसं यायची होती, आणि मला बोलायचं होतं.

सकाळी साडेसातला मी तिच्या खोलीत गेलो. शालूबाई तिचे केस विंचरत होती. बाहेर मांडवात लाउडस्पीकरचा कर्णा सुरू झाला होता. महाराजांनी निरोप धाडला होता, माताजींची तयारी आहे ना, एकदा विचारा. मी विचारायच्या आधीच तिनं माझं मनगट धरलं. हातात जोर उरला नव्हता, पण धरलं.

म्हणाली, "तम्मा, आज नको रं. उद्या सोडते की पाणी. जिनू येतोय सांजच्याला. त्याच्या हातचं घोटभर पिते, मग सोडते."

पाणी चालू असतं तर ती रात्री अकरापर्यंत राहिली असती का, हे मी डॉक्टरांना आजवर विचारलेलं नाही. हिंमत झाली नाही. तीन महिने मी ढगांना विचारलं, कंपनीला विचारलं, पिराजीला विचारलं, बाळासोच्या घड्याळाला विचारलं. आणि तुला.

तू तीन परक्या माणसांना उतरवलं नाहीस. मी हजार माणसांना एक दिवस थांबा म्हणू शकलो नाही. पण जिनेश, तू निदान स्वतःवर संशय घेतला होतास. ते वाक्य मी तुला पाठ करायला दिलं. स्वतः कधी केलं नाही.

मी तिचा हात माझ्या मनगटावरून सोडवला आणि म्हणालो, "आक्का, मांडव भरलाय."

तिनं कर्ण्याच्या आवाजाकडे थोडा वेळ कान दिला. मग फुलपात्र स्वतःच्या हातानं पालथं घातलं आणि म्हणाली, "बरं."

अण्णाप्पा